वाचकांचे प्रश्न: चहा होऊन येतो तरी डेस्कटॉप येत नाही

या वेळच्या मेलबॉक्समध्ये जवळपास सगळ्यांची एकच रड आहे. पासवर्ड टाकून एंटर मारलं की ते गोल फिरणारे ठिपके, वर ‘प्लीज वेट फॉर द ग्रुप पॉलिसी क्लायंट’, आणि तोवर युजरने आयटीवाल्याला फोन लावलेला असतो. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. नवख्यांसाठी: ग्रुप पॉलिसी म्हणजे ऑफिसच्या सगळ्या पीसींना एका जागेवरून दिलेले नियम, जीपीओ म्हणजे त्या नियमांचा एक गठ्ठा, आणि डोमेन कंट्रोलर म्हणजे पासवर्ड तपासून ते नियम देणारा सर्व्हर. मोबाइल आणि वायफायवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढा.

प्रश्न: नमस्कार सर, नाशिकला अंबडमध्ये एका कारखान्यात सिस्टिम बघतो. १८० च्या आसपास पीसी, सगळे विंडोज १०, दोन डोमेन कंट्रोलर. सकाळी शिफ्ट सुरू होताना लॉगिनला चार-पाच मिनिटं जातात, सुपरवायझर लोक रोज वर तक्रार करतात. आमचा व्हेंडर म्हणतो तुमच्याकडे चाळीस जीपीओ आहेत, ते सगळे मिळून एक-दोन मोठे जीपीओ करून टाका म्हणजे फास्ट होईल. करू का? कामाला आठवडा जाईल.

उत्तर: नका करू. निदान आत्ता तरी नका. चाळीस जीपीओ म्हणजे काही फार नाहीत, विंडोजची मर्यादाच एका युजरला किंवा एका कॉम्प्युटरला ९९९ ची आहे, आणि जीपीओची यादी वाचायला जो वेळ लागतो तो चांगल्या लॅनवर किरकोळ असतो. वेळ जातो तो जीपीओच्या आत जे करायला सांगितलंय त्यात. वर सगळं एकात कोंबलं की नवीनच दुखणं मागे लागतं. प्रत्येक जीपीओला व्हर्जन नंबर असतो, तो बदलला नसेल तर क्लायंट म्हणतो ठीक आहे, हे आधीच लावलंय, पुढे चला. आता सगळं एकाच जीपीओत असेल तर तुम्ही वॉलपेपर बदलला तरी तो नंबर वाढणार आणि त्या जीपीओतली युजरच्या बाजूची ड्राइव्ह मॅप, प्रिंटर, फोल्डर रीडायरेक्शन (डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर सर्व्हरवर ठेवणं) सगळी मंडळी पुन्हा कामाला लागणार. म्हणजे आठवडा घालवून सोमवारची सकाळ अजून वाईट.

आधी वेळ नक्की कुठे जातोय ते बघा. त्यासाठी काही विकत घ्यायचं नाही, विंडोजमध्ये सगळं आहे फक्त कोणी उघडत नाही. एका हळू पीसीवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात ग्रुपपॉलिसी आणि त्यात ऑपरेशनल. हा लॉग म्हणजे सोन्याची खाण आहे. ४००१ नंबरचा इव्हेंट म्हणजे युजरच्या लॉगिनची पॉलिसी सुरू झाली, ८००१ म्हणजे संपली, आणि ८००१ मध्ये चक्क लिहिलेलं असतं की एकूण किती सेकंद लागले. पहिलं काम एवढंच, की तो आकडा बघायचा.

आता इथे दोन रस्ते फुटतात आणि बरेच जण इथेच चुकतात. ८००१ म्हणतोय सहा सेकंद आणि युजर म्हणतोय चार मिनिटं, तर ग्रुप पॉलिसी निर्दोष आहे, तिला सोडा. मग रोमिंग प्रोफाइल (युजरबरोबर पीसी ते पीसी फिरणारी त्याची सेटिंग आणि फाइल्स), अँटिव्हायरस, स्टार्टअपला उघडणारे दहा प्रोग्रॅम, लॉगिन स्क्रिप्ट हे बघायचं. अजून एक जागा कोणाला आठवत नाही, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या युजर-पीसींची नोंदवही) युजरच्या प्रॉपर्टीमधला होम फोल्डर. तिथे सहा वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या सर्व्हरचं नाव असेल तर विंडोज इमानेइतबारे रोज सकाळी त्या सर्व्हरला हाका मारत बसणार.

पण ८००१ मध्येच दोनशे सेकंद दिसले तर मग खाली उतरा. ४०१६ आणि ५०१६ या जोड्या शोधा. ४०१६ म्हणजे एखादं क्लायंट साइड एक्स्टेंशन सुरू झालं, म्हणजे ड्राइव्ह मॅप करणारं, प्रिंटर लावणारं, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचं कोठार) लिहिणारं असे जे वेगवेगळे कामगार आहेत त्यातला एक. ५०१६ म्हणजे त्याचं काम झालं, आणि किती मिलिसेकंद लागले तेही त्यातच. वॉर्निंगसह संपलं तर ६०१६, एररने संपलं तर ७०१६. ४०१६ मध्ये हे काम कुठल्या कुठल्या जीपीओमुळे निघालं त्यांची नावं पण असतात, म्हणजे आरोपी नावानिशी सापडतो. एकाच पीसीवर कॉम्प्युटरची पॉलिसी आणि दोन युजरच्या पॉलिसी एकमेकांत मिसळून लॉग वाचता येत नसेल तर ४००१ च्या डिटेल्समध्ये अ‍ॅक्टिव्हिटी आयडी असतो, त्याच्यावर फिल्टर लावा, एका लॉगिनची गोष्ट सलग वाचता येते.

आणि समजा सगळ्या एक्स्टेंशनची बेरीज केली तर दहाच सेकंद भरतायत, पण ४००१ पासून पहिल्या ४०१६ पर्यंतच दीड मिनिट गेलंय, तर गडबड त्याच्याही आधी आहे. ५३२६ बघा, डोमेन कंट्रोलर शोधायला किती मिलिसेकंद लागले ते तिथे मिळतं. तो आकडा छोटा असेल तर मग डब्ल्यूएमआय फिल्टरवर (पीसीचीच माहिती विचारून जीपीओ लावायचा की नाही ठरवणारी अट) संशय घ्या, कारण कुठला जीपीओ लागू आहे आणि कुठला नाही हे ठरवताना ते फिल्टर चालतात, यादी ५३१२ मध्ये छापली जायच्या आधी. कोणीतरी कधीतरी ‘अमुक सॉफ्टवेअर असेल तरच हा जीपीओ लाव’ म्हणून विन३२ अंडरस्कोर प्रॉडक्टवर क्वेरी लिहिलेली असते आणि ती क्वेरी नुसती यादी देत नाही, एमएसआयने (विंडोजच्या इन्स्टॉलरने) इन्स्टॉल झालेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची तपासणी करत जाते, गरज वाटली तर रिपेअर पण करते. हे रोज सकाळी, प्रत्येक पीसीवर. असलं काही दिसलं तर फिल्टर काढा आणि तीच अट रजिस्ट्रीतली एखादी की आहे का नाही अशी आयटम लेव्हल टार्गेटिंगमध्ये (जीपीओतल्या एकेका आयटमला लावायची अट) टाका, काम तेच पण चुटकीसरशी.

माझा अंदाज विचाराल तर कारखान्यात हमखास दोनच आरोपी निघतात, ड्राइव्ह मॅप आणि प्रिंटर. ड्राइव्ह मॅपमध्ये बंद पडलेल्या सर्व्हरचा शेअर असतो, नाव डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी यादी) अजून आहे पण पलीकडे मशीनच नाही, मग कनेक्शनची वाट बघण्यात साधारण वीस-एक सेकंद जातात, आणि असे चार शेअर असतील तर हिशोब तुम्हीच करा. प्रिंटरचं दुखणं वेगळं. तिथे अ‍ॅक्शनमध्ये चार पर्याय असतात, क्रिएट, रिप्लेस, अपडेट, डिलीट, आणि जीपीओ बनवणाऱ्याने ‘रिप्लेस म्हणजे फ्रेश’ असं समजून रिप्लेस निवडलेलं असतं. रिप्लेस म्हणजे असलेला प्रिंटर आधी उडवायचा आणि मग नव्याने लावायचा. बारा प्रिंटर असतील तर बारा वेळा. अपडेट करा, तेवढ्यानेच फरक दिसतो. ड्राइव्हला पण रिप्लेस नकोच, दिवसभरात पॉलिसी मागून रिफ्रेश होते तेव्हा उघडलेली एक्सेल फाइल हातातून सुटते आणि मग तो वेगळाच फोन येतो.

सगळे प्रिंटर सगळ्यांना लावायची पण गरज नसते. आयटम लेव्हल टार्गेटिंगने डिपार्टमेंटच्या सिक्युरिटी ग्रुपवर वाटून द्या. युजर कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे त्याच्या टोकनमध्येच (लॉगिनला मिळालेल्या ओळखपत्रात) असतं त्यामुळे ते तपासायला वेळ लागत नाही, पण तिथे एलडॅप क्वेरी (डोमेनच्या नोंदवहीला विचारलेला प्रश्न) लिहीत बसू नका, ती प्रत्येक आयटमसाठी डोमेन कंट्रोलरपर्यंत जाऊन येते.

लॉग वाचायचा कंटाळा असेल तर कमांड प्रॉम्प्टवर जीपीरिझल्ट स्लॅश एच आणि पुढे फाइलचं नाव देऊन एचटीएमएल रिपोर्ट काढा, त्यात कंपोनंट स्टेटस नावाच्या भागात प्रत्येक एक्स्टेंशनला किती वेळ लागला ते लिहून येतं. व्हेंडरला तोच रिपोर्ट दाखवा.

आणि एक, हे सगळं आवरताना सिक्युरिटी फिल्टरिंगमधून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ काढून स्वतःचा ग्रुप टाकायचा मोह होईल. टाका, पण डेलिगेशनमध्ये जाऊन ऑथेंटिकेटेड युजर्सना किंवा डोमेन कॉम्प्युटर्सना नुसता रीड तरी ठेवाच. जून २०१६ च्या सिक्युरिटी अपडेटपासून युजरची पॉलिसीसुद्धा कॉम्प्युटरच्या खात्याने वाचली जाते. कॉम्प्युटरला वाचायची परवानगी नसेल तर पॉलिसी गुपचूप लागूच होत नाही, लॉगिन मात्र एकदम फास्ट होतं आणि माणूस खूश होऊन घरी जातो!

प्रश्न: आमचं हेड ऑफिस पुण्यात आणि शाखा रत्नागिरी, चिपळूण, कराडला आहेत. तेच जीपीओ, तसलेच पीसी, पुण्यात लॉगिन वीस सेकंदात आणि शाखेत तीन मिनिटं. लीज लाइनवाले म्हणतात लाइन क्लीन आहे. कराडला आम्ही मुद्दाम एक डोमेन कंट्रोलर पण बसवला, तरी कराड पण स्लोच. पैसे वाया गेले असं साहेब म्हणतायत.

उत्तर: पैसे वाया नाही गेले, कराडच्या पीसींना कराडचा डोमेन कंट्रोलर आहे हे कोणी सांगितलंच नाहीये एवढंच. मशीन रॅकमध्ये ठेवून, आयपी देऊन भागत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेस उघडा, तिथे कराड नावाची साइट (म्हणजे एका ठिकाणचं नेटवर्क) आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सबनेट्समध्ये कराडची आयपी रेंज टाकून ती त्या साइटला जोडली आहे का. नव्याण्णव टक्के ते सबनेटचं फोल्डर रिकामं असणार. पीसी स्वतःच्या आयपीवरून आपण कुठल्या साइटमध्ये ते विचारतो, उत्तर मिळालं नाही की जो डोमेन कंट्रोलर हाताला लागेल तो पकडतो, मग कराडचा पीसी पुण्याला जातो आणि सिसव्हॉलमधल्या (डोमेन कंट्रोलरवरचा पॉलिसींचा शेअर) सगळ्या पॉलिसी फाइल्स त्या लाइनवरून ओढतो.

खात्री करायला कराडच्या पीसीवर एनएलटेस्ट ही कमांड चालवा, डीएसगेटडीसी हा पर्याय आणि पुढे डोमेनचं नाव. कुठला डोमेन कंट्रोलर मिळाला, त्याची साइट कुठली आणि ‘अवर साइट नेम’ काय, तिन्ही येतं. अवर साइट नेम आलंच नाही तर समजून जा. उलट बाजूने पण बघता येतं, डोमेन कंट्रोलरवर विंडोज फोल्डरच्या आत डीबगमध्ये नेटलॉगऑन डॉट लॉग असतो, त्यात ‘नो क्लायंट साइट’ असं लिहून ज्या ज्या पीसींची साइट सापडली नाही त्यांचे आयपी ओळीने मांडलेले असतात. त्या यादीवरूनच सबनेट्स भरून टाका. रत्नागिरी आणि चिपळूणला डोमेन कंट्रोलर नसला तरी त्यांचे सबनेट टाका, जी साइट त्यांना जवळची पडते तिला जोडा.

दुसरी गोष्ट डीएनएस. शाखेत राउटर लावायला आलेला मुलगा काय करतो, डीएचसीपीमध्ये (पीसींना आयपी वाटणारी सोय) पहिला डीएनएस तुमचा आणि दुसरा आठ आठ आठ आठ (गूगलचा) टाकून जातो, ‘इंटरनेट बंद पडू नये म्हणून’. त्याचा हेतू चांगला आहे पण डोमेनमधल्या पीसीला बाहेरचा डीएनएस एक पण द्यायचा नाही. पहिला थोडा उशिरा बोलला की पीसी दुसऱ्याकडे जातो, आणि बाहेरच्या डीएनएसला तुमचं आतलं डोमेन माहीतच नसतं, तो ‘असं काही नाही’ म्हणून ठाम उत्तर देतो. ते उत्तर मिळालं की पीसी पहिल्याला परत विचारत बसत नाही. असं झालं की लॉगिन कधी फास्ट कधी स्लो, आणि ‘रीस्टार्ट केलं की ठीक होतं’ असं ऐकायला येतं. दोन्ही जागी स्वतःचेच डीएनएस द्या आणि बाहेरचं नाव विचारायचं काम डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डर्सवर सोडा.

लाइन खरंच बारीक असेल तर ५३१४ हा इव्हेंट बघून ठेवा, त्यात विंडोजला किती बँडविड्थ वाटली ते असतं. ५०० केबीपीएसच्या खाली गेलं तर ती स्लो लिंक समजली जाते आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन, फोल्डर रीडायरेक्शन वगैरे मंडळी आपोआप सुट्टी घेतात, रजिस्ट्री आणि सिक्युरिटीच्या पॉलिसी मात्र लागतातच.

प्रश्न: दादा, अमरावतीला कॉलेजमध्ये कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे. पोरं रोज वेगळ्या पीसीवर बसतात, तासिका पन्नास मिनिटांची आणि त्यातली आठ-दहा मिनिटं लॉगिनमध्येच. प्रत्येक पीसी रीस्टार्ट केला की पूर्वीसारखा होणारं सॉफ्टवेअर पण टाकलंय, नाहीतर पोरं काय काय करून ठेवतात. लूपबॅक पण लावलेलं आहे, कोणी लावलं माहीत नाही, मी यायच्या आधीपासून आहे.

उत्तर: ताई, तुमच्या लॅबमध्ये दुसऱ्यांदा लॉगिन असं काही होतच नाहीये. पीसी रीस्टार्टला सगळं विसरतो, म्हणजे प्रत्येक पोराचं प्रत्येक लॉगिन त्या पीसीच्या आयुष्यातलं पहिलंच. पहिल्या लॉगिनला नवीन प्रोफाइल बनतं, विंडोजची ती अ‍ॅप्स युजरसाठी तयार होतात, आणि ‘ही पॉलिसी आधी लावली होती’ ही नोंदच नसल्यामुळे सगळी एक्स्टेंशन पहिल्यापासून सगळं करतात. क्लायंट व्हर्जन नंबर बघून पुढे जातो असं मी वर म्हटलं, तो फायदा तुम्हाला मिळतच नाही. त्यामुळे तुमच्याकडे एकच इलाज चालतो, करायचं कामच कमी करायचं.

मास्टर इमेज (सगळ्या पीसींवर टाकलेली मूळ प्रत) अनलॉक करून तिच्यातलं नको असलेलं सगळं काढा, विंडोजबरोबर येणारी खेळ-बिळ अ‍ॅप्स सिस्टिममधूनच प्रोव्हिजन्ड यादीतून (नव्या युजरला आपोआप मिळणाऱ्या अ‍ॅप्सची यादी) काढा, प्रत्येक युजरच्या खात्यातून नाही. लॅबचे प्रिंटर आणि ड्राइव्ह युजरच्या पॉलिसीत कशाला ठेवायचे, प्रिंटर इमेजमध्येच कॉम्प्युटरला लावून ठेवा. फर्स्ट साइन-इन अ‍ॅनिमेशन बंद करायची पॉलिसी कॉम्प्युटरच्या बाजूला, सिस्टिमच्या लॉगऑनमध्ये आहे, ती बंद केल्याने काम कमी होत नाही हे खरं पण पोरं ‘हाय’ बघत बसत नाहीत. इमेज उघडलीच आहे तर डोमेनला जोडून, एकदा नवीन पॉलिसी लागू देऊन मग पुन्हा गोठवा, म्हणजे निदान कॉम्प्युटरची बाजू ताजी राहील.

लूपबॅकचं बघा, म्हणजे युजरची पॉलिसी पीसीच्या जागेवरून ठरवणारं सेटिंग. त्यात मर्ज आणि रिप्लेस असे दोन मोड. मर्ज असेल तर पोराच्या स्वतःच्या ओयूमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतला कप्पा) युजर पॉलिसी लागतात आणि वरून लॅबच्या ओयूमधल्या पण लागतात, दोन्ही. लॅबला हे क्वचितच लागतं. रिप्लेस केलं की फक्त लॅबच्या लागतात. पण ते करायच्या आधी जीपीरिझल्टचा रिपोर्ट काढून पोरांच्या बाजूने काय काय येतंय ते लिहून घ्या, नाहीतर एखाद्या सरांचा असाइनमेंटचा ड्राइव्ह गायब होईल आणि परीक्षेच्या दिवशी कळेल.

प्रश्न: दादा, डिप्लोमा करून नुकताच एका हॉस्पिटलच्या आयटीत लागलोय. दोन उलट्या तक्रारी आहेत. आमची लॉगिन स्क्रिप्ट डेस्कटॉप आल्यावर बरोबर पाच मिनिटांनी चालते, डॉक्टर ओरडतात. सिनियर म्हणाले ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क’ चालू कर. केलं, तर आता सगळेच पीसी स्लो झाले आणि स्क्रिप्ट तरीही पाच मिनिटांनीच. काय समजायचं?

उत्तर: अरे मित्रा, त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. पाच मिनिटं म्हणजे बिघाड नाही, विंडोज ८.१ पासून मायक्रोसॉफ्टने मुद्दाम घातलेला उशीर आहे, डेस्कटॉप आधी येऊ दे, स्क्रिप्ट नंतर बघू, असा विचार. ‘कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले’ नावाची पॉलिसी कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, ग्रुप पॉलिसी इथे आहे, तिथे मिनिटं शून्य कर, झालं काम.

आता सिनियरची पॉलिसी. विंडोज एक्सपीपासून क्लायंट विंडोज नेटवर्कची वाट न बघता लॉगिन करून देतं आणि पॉलिसी मागून लावत बसतं, त्याला फास्ट लॉगऑन ऑप्टिमायझेशन म्हणतात. त्याची किंमत अशी की सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन आणि फोल्डर रीडायरेक्शनसारख्या गोष्टी मागून होऊ शकत नाहीत, त्यांना दोन, कधी तीन लॉगिन लागतात. ‘ऑलवेज वेट’ लावलं की सगळं समोर, क्रमाने, पूर्ण होईपर्यंत युजर थांबणार. ते वाईट नाही, सर्व्हर विंडोज तर कायम तसंच चालतं. पण रोजच्या वापराच्या सगळ्या पीसींना सरसकट लावायची ती गोष्ट नाही, जिथे रीडायरेक्शन किंवा इन्स्टॉलेशन खरंच वेळेवर हवंय त्या ओयूलाच लाव. आणि गंमत म्हणजे ज्या युजरला रोमिंग प्रोफाइल किंवा होम फोल्डर दिलेलं आहे त्याला ही फास्टवाली सवलत मुळातच मिळत नाही, तू पॉलिसी काढलीस तरी तो थांबणारच, तेव्हा ‘याच डॉक्टरांचं का स्लो’ असं कोणी विचारलं तर त्यांचं खातं उघडून ते दोन रकाने बघ.

पीसी चालू करतानाच अडत असेल, लॉगिनच्या आधी, तर स्विच बघायला सांग. स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (स्विचमधली गोल फेरी रोखणारी सोय) साध्या मोडमध्ये असेल तर केबल जागी झाल्यापासून पोर्ट खऱ्या अर्थाने सुरू व्हायला तीसेक सेकंद जातात आणि तोवर पॉलिसीवाला नेटवर्क शोधत बसलेला असतो. पीसी लावलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच सुरू करणारं सेटिंग) लावायचं, स्विचला स्विच जोडलेल्या पोर्टवर नाही.

हॉस्पिटल आहे म्हणून एक सांगतो, स्क्रिप्टमध्ये चुकून ‘ओके’ दाबायला लावणारी खिडकी असेल आणि स्क्रिप्ट सिंक्रोनस (संपेपर्यंत डेस्कटॉप थांबवून) चालवत असाल तर ती खिडकी दिसत नाही आणि विंडोज तिची दहा मिनिटं वाट बघतं, ६०० सेकंद हा डिफॉल्ट आहे. इमर्जन्सीच्या पीसीवर असलं काही नको. ४०१८ ला स्क्रिप्ट सुरू होते आणि ५०१८ ला संपते, मधलं अंतर बघ.

प्रश्न: टर्मिनल सर्व्हर आहे, विंडोज सर्व्हर २०१६, चाळीस जण टॅली आणि ईआरपीसाठी रिमोटने येतात. नवा होता तेव्हा पटकन लॉगिन व्हायचं, आता वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाढत वाढत काळी स्क्रीन दोन मिनिटं राहते. जीपीओ एकही बदललेला नाही.

उत्तर: जीपीओ बदलला नाही आणि वेळ हळूहळू वाढतोय, तर जीपीओ सोडून द्या, काहीतरी साठत चाललंय. फायरवॉलचे रूल्स बघा. २०१६ आणि २०१९ वर प्रत्येक युजर आला की विंडोजच्या अ‍ॅप्ससाठी त्याच्या नावाने रूल तयार होतात आणि गेला तरी पुसले जात नाहीत. प्रोफाइल लॉगऑफला डिलीट होणारं असेल तर दर वेळी नवीन, हजारोंनी साठतात. रजिस्ट्रीत सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, शेअर्डअ‍ॅक्सेस, पॅरामीटर्स, फायरवॉलपॉलिसी इथे ‘डिलीटयुजरअ‍ॅपकंटेनर्सऑनलॉगऑफ’ नावाची डीवर्ड (आकड्याची नोंद) बनवून किंमत १ द्या. सगळी अपडेट आधी टाकून घ्या, जुन्या पॅचवर ही की चालत नाही. यापुढे साठणार नाही, पण जुना साठा तुम्हालाच साफ करावा लागतो, तो रविवारी बॅकअप घेऊन करा.

प्रश्न: लॅपटॉप ऑफिसमध्ये नीट चालतो, घरून मात्र लॉगिनला अडतो, व्हीपीएन तर लॉगिननंतरच लागतं. मी ठाण्याहून काम करते, आयटीवाले म्हणतात तुमच्या घरचं नेट स्लो आहे. घरी फायबर आहे हो!

उत्तर: फायबरचा दोष नसावा. तुमच्या लॅपटॉपला ‘ऑलवेज वेट’ लावलेलं असण्याची शक्यता जास्त, ते लॅपटॉपना लावायचं नसतं. दुसरं कारण, कंपनीच्या आतल्या डोमेनचं नाव आणि वेबसाइटचं नाव एकच ठेवलेलं असतं. मग घरून लॅपटॉप त्या नावाने फाइल शेअर शोधायला जातो, त्याला वेबसाइटचा आयपी मिळतो आणि तिकडे तो दार वाजवत बसतो. हे युजरला घरून दुरुस्त करता येत नाही. तुमच्या आयटीला सांगा की लॅपटॉपचा ओयू वेगळा करा आणि मॅप ड्राइव्ह व्हीपीएन लागल्यावर जोडा, लॉगिनला नको. एक सोपी परीक्षा आहे, वायफाय बंद करून लॉगिन करून बघा. तेव्हा पटकन झालं तर लॉगिनला घरचं नेट लागतच नाही, लॅपटॉप नेटवर काहीतरी शोधत अडकतोय, असं त्यांना ठणकावून सांगता येईल.

प्रश्न: सगळीकडे लिहिलंय की रजिस्ट्रीत जाऊन ग्रुप पॉलिसी क्लायंट ही सर्व्हिसच डिसेबल केली की लॉगिन एकदम फास्ट. सर्व्हिसेसमधून होत नाही, बटणंच दाबता येत नाहीत, पण रजिस्ट्रीतून होतं म्हणे. करू?

उत्तर: बटणं उगाच लॉक केलेली नाहीत. ती सर्व्हिस बंद केली की पासवर्ड पॉलिसी, यूएसबी बंदी, अपडेटची सेटिंग, पुढे काहीच बदलत नाही, जिथे आहे तिथे अडकतं. शिवाय अ‍ॅडमिन नसलेला साधा युजर लॉगिन करायला गेला की ‘कुडन्ट कनेक्ट टू द ग्रुप पॉलिसी क्लायंट सर्व्हिस’ म्हणून त्याला आतच घेत नाही. आधीच केलं असेल तर अ‍ॅडमिनने लॉगिन करून सर्व्हिसेसखाली जीपीएसव्हीसी या कीमध्ये स्टार्टची किंमत परत २ करा आणि रीस्टार्ट द्या. अ‍ॅडमिननेही लॉगिन होत नसेल तर सेफ मोडमधून प्रयत्न करा.